लिनक्स कर्नलच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये पहिला पॅच: आधी मोजा, मग कोड उघडा

इंदूरात आपली कितीतरी मुलं-मुली आता लिनक्सवर काम करतात, कोणी कॉलेजात, कोणी सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीत, आणि कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आपला एक तरी पॅच (कोडमधला छोटा बदल) जावा असं त्यातल्या बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. पॉवर मॅनेजमेंट ही त्यासाठी चांगली जागा आहे, कारण झाकण लावून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम निघणं, रात्रभरात बॅटरी उतरणं हे घरोघरी घडतं आणि तपासायला महागडं यंत्र लागत नाही. पण होतं काय की बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात. आधी कोड उघडायचा, सुधारण्यासारखं काहीतरी हुडकायचं, पॅच लिहून पाठवायचा, आणि मग मेंटेनरने (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याने) विचारलं की याने नेमका काय फरक पडला, तर हातात आकडा नाही आणि लॉगही नाही. पॅच तिथेच अडकतो आणि पोरगं पुन्हा तिकडे फिरकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून खालचा क्रम पाळा. फाइल आणि कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिलीत, टर्मिनलमध्ये दोन अक्षरं टाकून टॅब दाबलं की बरोबर स्पेलिंग सापडेल.

## १. मशीन आधी तयार करा

खरं हार्डवेअर लागतंच. व्हर्च्युअल मशीनवर किंवा विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) कर्नल बिल्ड करायला शिकता येतं, पण प्रोसेसरच्या खऱ्या सी-स्टेट (रिकाम्या वेळी झोपायच्या पायऱ्या) तिथे दिसत नाहीत आणि बॅटरीचं मोजमाप तर होतच नाही. रोजच्या कामाचा लॅपटॉपही नको. जेल रोडवर जुना लॅपटॉप बघा, आणि घेताना दुकानातच पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून पॉवर-सप्लाय फोल्डरमधल्या एनर्जी-फुल आणि एनर्जी-फुल-डिझाइन या दोन फाइल वाचा. पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहून खाली असेल तर बॅटरी गेलेली आहे, अशा बॅटरीवर मोजून काही हाती लागत नाही. बायॉसला पासवर्ड लावलेला नाही ना, हेही तिथेच बघून घ्या, कारण पुढचं काम त्यावर अवलंबून आहे.

ते काम म्हणजे बायॉसमध्ये सिक्युअर बूट बंद करणं. ते चालू राहिलं तर तुम्ही बिल्ड केलेला, सही नसलेला कर्नल बूटच होणार नाही, आणि बऱ्याच डिस्ट्रोत (उबुंटूसारख्या तयार लिनक्समध्ये) सिक्युअर बूटबरोबर लॉकडाउन मोड लागतो ज्यात हायबरनेट (मेमरी डिस्कवर लिहून मशीन बंद करणं) बंद असतं. लोक दोन-दोन दिवस हायबरनेट का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात आणि कारण एवढंच असतं.

सावध: मशीन हायबरनेट केलेलं असताना तीच डिस्क दुसऱ्या ओएसमधून किंवा पेनड्राइव्हवरून बूट करून माउंट करू नका. परत उठलेल्या कर्नलला वाटतं की डिस्क आपण सोडली तशीच आहे, आणि फाइल सिस्टिमची वाट लागते. टेस्टिंगच्या मशीनवर महत्त्वाचा डेटा ठेवूच नका.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी फार जण विसरतात. पॅचखाली साइन्ड-ऑफ-बाय लिहिता तेव्हा हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं तुम्ही लेखी सांगत असता. कंपनीच्या करारात तुमचा सगळा कोड कंपनीचा असं लिहिलेलं असेल तर आधी मॅनेजरकडून ईमेलवर परवानगी घ्या, पॅच गेल्यावर नाही.

## २. स्वतःचा कर्नल बिल्ड करा आणि बूट करा

लिनक्स सुरू करणारे लिनस टोरवाल्ड्स यांचं मुख्य ट्री (कर्नलचा सगळा कोड आणि त्याचा इतिहास) गिटने क्लोन करा, म्हणजे आपल्या मशीनवर उतरवा, आणि त्यातच लिनक्स-पीएम ट्री दुसरं रिमोट म्हणून जोडा. पॉवर मॅनेजमेंटचा गाभा सांभाळणारे राफाएल वायसोत्स्की यांचं हे ट्री आहे आणि तुमचा पॅच शेवटी बहुधा तिथूनच पुढे जाणार. नेट हळू आहे म्हणून डेप्थ एक देऊन अर्धवट क्लोन करायचा मोह होतो, तो टाळा. कुठल्या जुन्या बदलामुळे बग आला हे पुढे शोधावं लागतं, आणि इतिहासच नसेल तर गिट ब्लेम आणि गिट बायसेक्ट दोन्ही निरुपयोगी. रात्री लावून ठेवा, सकाळपर्यंत येतं.

कॉन्फिगसाठी (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी) डिस्ट्रोची चालू कॉन्फिग घेऊन मेक लोकलमॉडकॉन्फिग चालवा, बिल्डचा वेळ खूप वाचतो. फक्त ही कमांड त्या क्षणी लोड असलेलेच मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे वेगळे तुकडे) ठेवते, म्हणून आधी माउस, पेनड्राइव्ह, वायफाय डोंगल, एचडीएमआय, जे जे वापरता ते सगळं एकदा जोडून घ्या. नाहीतर नवीन कर्नल उठतो आणि वायफाय गायब. उबुंटू किंवा डेबियनची कॉन्फिग असेल तर सिस्टिम ट्रस्टेड कीज आणि सिस्टिम रिव्होकेशन कीज या दोन जागा रिकाम्या करा, त्यातल्या फाइल तुमच्याकडे नसतात आणि बिल्ड तिथेच मरतो.

मग पीएम डिबग, पीएम ॲडव्हान्स्ड डिबग आणि पीएम स्लीप डिबग हे तीन पर्याय चालू करा. पाचव्या टप्प्यातली चाचणी पीएम डिबग आणि पीएम स्लीप डिबगशिवाय होत नाही.

तपासा: रीबूटनंतर यूनेम कमांडमध्ये तुमचंच व्हर्जन दिसतंय ना? ग्रबच्या मेन्यूत (बूट होताना कर्नल निवडायची यादी) डिस्ट्रोचा जुना कर्नल अजून आहे ना? तो पुसू नका, घरी परत यायची वाट तीच आहे.

## ३. कुठल्या भागात शिरायचं ते ठरवा

पॉवर मॅनेजमेंट हा एक कोड नाही. मशीन झोपवणं-उठवणं कर्नल फोल्डरातल्या पॉवरमध्ये आहे, डिव्हाइसचं झोपणं ड्रायव्हर्स-बेस-पॉवरमध्ये, प्रोसेसरचा वेग सीपीयूफ्रेकमध्ये (इथे विरेश कुमार हेही मेंटेनर आहेत), रिकाम्या वेळी प्रोसेसरला किती खोल झोपवायचं ते सीपीयूआयडलमध्ये. शिवाय टूल्स-पॉवरमध्ये टर्बोस्टॅट, सीपीयूपॉवर आणि पीएम-ग्राफ ही मोजायची साधनं.

नवीन माणसाने सीपीयूआयडलच्या किंवा शेड्यूटिलच्या (प्रोसेसरचा वेग ठरवणारा भाग) अल्गोरिदमला पहिल्याच पॅचमध्ये हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथला एक छोटा बदल सर्व्हरपासून फोनपर्यंत लाखो मशीनवर जातो आणि तो पटवायला कितीतरी प्रकारच्या हार्डवेअरवरचे आकडे लागतात, ते तुमच्याआमच्याकडे नसतात. एखाद्या ड्रायव्हरचं सस्पेंड (मशीनबरोबर झोपणं), रनटाइम पीएम (मशीन चालू असताना न वापरलेला डिव्हाइस झोपवणं), टूल्समधला बग किंवा डॉक्युमेंटेशनमधली चुकलेली माहिती, इथून आत शिरा.

## ४. बेसलाइन (बदलाआधीचा खर्च) मोजा

हा टप्पा सगळे उरकतात आणि पुढे सगळ्यांचं इथेच अडतं, म्हणून सावकाश सांगतो.

झोपेतला खर्च मोजणं सगळ्यात सोपं. चार्जर काढा. पॉवर-सप्लाय फोल्डरात बॅट-झीरोच्या आत एनर्जी-नाऊ वाचा, हा आकडा मायक्रोवॉट-अवरमध्ये असतो. मशीन झोपवा, सकाळी उठवल्याबरोबर पुन्हा वाचा. समजा रात्री ४,२०,००,००० होता आणि आठ तासांनी ३,८०,००,००० आहे, म्हणजे ४ वॉट-अवर गेले, आठाने भागा, अर्धा वॉट. काही लॅपटॉपमध्ये एनर्जीऐवजी चार्ज-नाऊ असतं, ते मायक्रोॲम्पिअर-अवरमध्ये, त्याला व्होल्टेजने गुणल्याशिवाय वॉट म्हणून लिहू नका. ही गल्लत इतकी होते की युनिट न लिहिलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

पण त्याआधी मशीन कुठली झोप झोपतंय ते बघा. सिस-पॉवर फोल्डरात मेम-स्लीप नावाची फाइल आहे, तिच्यात एस-टू-आयडल आणि डीप असे शब्द दिसतात आणि ज्याच्याभोवती चौकोनी कंस तो चालू असतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डीप नसतंच. एस-टू-आयडलमध्ये मशीन वरून झोपलेलं दिसलं तरी आतून प्रोसेसर खोल गेला का हे वेगळं तपासावं लागतं. सस्पेंड-स्टॅट्स फोल्डरातली लास्ट-हार्डवेअर-स्लीप ही फाइल (नाव एचडब्ल्यू असं आखूड आहे) शेवटच्या झोपेत हार्डवेअर खरोखर किती वेळ खोल झोपेत होतं ते मायक्रोसेकंदात सांगते. मशीन तासभर झोपलं आणि इथे शून्य, म्हणजे बॅग का गरम होते त्याचा धागा मिळाला. हार्डवेअरचा सपोर्ट नसेल तर ही फाइल दिसणार नाही, तेव्हा घाबरू नका.

जागेपणीचा खर्च मोजायला टर्बोस्टॅट. प्रोसेसरने किती टक्के वेळ कुठल्या सी-स्टेटमध्ये काढला आणि पॅकेज किती वॉट खातंय हे त्यात दिसतं. हे वॉट प्रोसेसरच्या पॅकेजचे असतात, स्क्रीन आणि डिस्क त्यात नाही, त्यामुळे याला पूर्ण लॅपटॉपचा खर्च म्हणू नका. मागे ज्या रॅपल (प्रोसेसरच्या वीजखर्चाच्या) फाइल असतात त्या आता फक्त रूटलाच वाचता येतात, परमिशन डिनाइड आलं तर तो बग नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. मे महिन्यात दुपारी इंदूरात खोलीच तापलेली असते, फॅन फिरत राहतो, गरम चिप मुळातच जास्त करंट खाते, आणि तोच लॅपटॉप रात्री माळव्याची हवा सुटल्यावर वेगळा आकडा दाखवतो. दुपारी जुना कर्नल आणि रात्री नवीन कर्नल मोजलात तर फरक तुमच्या पॅचचा नाही, हवेचा. म्हणून दोन्ही एकाच बैठकीत मोजा: आधी जुना, मग नवीन, मग परत जुना. पहिला आणि तिसरा आकडा जुळला नाही तर मधल्याला काही अर्थ नाही.

बाकी नेहमीच्या चुका पटकन सांगतो. ब्राइटनेस बदललेली. मागे अपडेट डाउनलोड होतायत. बूट झाल्याझाल्या मोजलं. एकदाच मोजलं. पॉवरटॉप किंवा सतत फाइल वाचणारी स्क्रिप्ट चालू ठेवून मोजलं, म्हणजे मोजणारा प्रोग्रॅमच प्रोसेसरला उठवत राहिला. अर्ध्या सेकंदाने बॅटरी वाचून ग्राफ काढला, जेव्हा बॅटरीचा कंट्रोलर तेवढ्या भराभर आकडा बदलतच नाही.

तपासा: तुमचं टिपण वाचून दुसरा कोणी त्याच मॉडेलवर हेच मोजमाप परत करू शकेल का? कर्नल व्हर्जन, मॉडेल, बायॉस व्हर्जन, झोपेचा प्रकार, किती वेळ, युनिट. यातलं काही राहिलं असेल तर आत्ताच लिहा.

## ५. सस्पेंड कुठे अडकतंय ते शोधा

मशीन झोपत नाही किंवा उठत नाही तेव्हा अंदाजाने ड्रायव्हर काढत बसू नका. कर्नलमध्येच पायरी-पायरीने तपासायची सोय आहे. सिस-पॉवरमधल्या पीएम-टेस्ट फाइलमध्ये एक शब्द लिहायचा आणि मग स्टेट फाइलमध्ये मेम लिहायचं. कर्नल तेवढ्याच पायरीपर्यंत जातो, पाच सेकंद थांबतो आणि परत येतो. क्रम असा:

१. फ्रीझर: फक्त प्रोग्रॅम गोठवले जातात.
२. डिव्हाइसेस: वरचं, आणि ड्रायव्हर झोपवले जातात.
३. प्लॅटफॉर्म: फर्मवेअरच्या पायऱ्याही.
४. प्रोसेसर्स: पहिला सोडून बाकीचे कोअर बंद.
५. कोअर: शेवटची पायरी.

फ्रीझर नीट झालं आणि डिव्हाइसेसवर अडलं तर दोष कुठल्यातरी ड्रायव्हरचा. एस-टू-आयडलवर असाल तर शेवटच्या दोन पायऱ्या चालत नाहीत, कर्नल नकार देतो, तेव्हा तिसरीपर्यंतच जा. प्रत्येक पायरी चार-पाच वेळा करा, कारण सस्पेंडचे बरेच बग कधी येतात कधी येत नाहीत. काम झालं की पीएम-टेस्टमध्ये नन लिहायला विसरू नका, नाहीतर मशीन झोपतच नाही म्हणून नवीनच शोध सुरू होतो.

कुठल्या ड्रायव्हरला किती वेळ लागला ते पीएम-प्रिंट-टाइम्स चालू केलं की डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) येतं, आणि पीएम-ग्राफमधली स्लीपग्राफ स्क्रिप्ट त्याचं चित्र काढून देते. ते चित्र एकदा बघाच, कुठला डिव्हाइस सगळ्यांना खोळंबून ठेवतोय ते डोळ्यांना दिसतं. हात न लावता मशीन आपोआप उठावं म्हणून आरटीसी-वेक वापरा, तीस सेकंदांनी उठव असं सांगता येतं.

मशीन आपोआपच जागं होत असेल तर सिस-पॉवरमधली पीएम-वेकअप-आयआरक्यू वाचा, कोणत्या इंटरप्टने (डिव्हाइसने प्रोसेसरला दिलेली हाक) उठवलं तो नंबर मिळतो, आणि तो प्रॉक-इंटरप्ट्समध्ये शोधला की डिव्हाइस कळतो.

सावध: पीएम-ट्रेस हे साधन उठताना कुठे अडकलं ते लक्षात ठेवायला घड्याळाच्या चिपमध्ये माहिती लिहितं, म्हणजे मशीनची तारीख-वेळ बिघडते. ते वापरल्यावर आधी वेळ दुरुस्त करा, मग ब्राउझर आणि गिट.

हा टप्पा नीट केलात आणि पुढे कोड नाही लिहिलात तरी चालेल. जुन्या कर्नलवर चालत होतं आणि नव्यावर नाही, अशी केस असेल तर गिट बायसेक्ट करून नेमका बिघडवणारा कमिट शोधून रिपोर्ट करणं हे खरंखुरं योगदान आहे, तुमचं नाव रिपोर्टेड-बाय म्हणून कायम राहतं, आणि मेंटेनर तुम्हाला ओळखायला लागतात ते वेगळं.

## ६. पहिला कोड: रनटाइम पीएमचा एक नेहमीचा बग

जवळून एक उदाहरण बघू. ड्रायव्हरला डिव्हाइस वापरायचा असतो तेव्हा तो पीएम-रनटाइम-गेट-सिंक बोलावतो. याने वापराचा काउंटर एकाने वाढतो आणि डिव्हाइस जागा होतो, काम झालं की पुट बोलावतो, त्याने काउंटर एकाने खाली येतो. गोम इथे आहे की हे फंक्शन फेल झालं तरी काउंटर वाढलेलाच राहतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने एरर आली म्हणून तिथूनच रिटर्न केलं तर तो काउंटर कधी खाली येत नाही, डिव्हाइस पुन्हा झोपत नाही, आणि बॅटरी झिजत राहते. दुसरी चूक, हे फंक्शन डिव्हाइस आधीच जागा असेल तर एक परत देतं, तो एरर नाही, पण बरेच जण शून्य नाही म्हणजे एरर असं धरून चालतात.

कर्नल ५.१० पासून यासाठी पीएम-रनटाइम-रिझ्यूम-अँड-गेट आहे, फेल झालं तर ते काउंटर स्वतःच खाली आणतं आणि यशस्वी झालं की शून्य देतं. आता इथे नवशिके काय करतात, ग्रेप (शब्द शोधायची कमांड) मारून पन्नास ड्रायव्हरमध्ये जुनं नाव बदलून नवीन टाकतात आणि पाठवतात. असं करू नका! काही ड्रायव्हरमध्ये एररच्या वाटेवर पुट आधीपासून असतो. तिथे नाव बदललंत तर काउंटर दोनदा खाली जाईल आणि लॉगमध्ये यूसेज काउंट अंडरफ्लो असं येईल, म्हणजे चांगला चालणारा ड्रायव्हर तुम्ही बिघडवला. प्रत्येक फंक्शनमधल्या सगळ्या रिटर्नच्या वाटा कागदावर काढा, प्रत्येक वाटेवर गेट किती आणि पुट किती ते लिहा, मगच हात लावा. आणि शक्यतो तोच ड्रायव्हर घ्या ज्याचं हार्डवेअर तुमच्याकडे आहे.

तपासा: बदलानंतर तो डिव्हाइस वापरून बाजूला ठेवा. त्याच्या पॉवर फोल्डरात कंट्रोल फाइलमध्ये ऑटो आहे ना, आणि रनटाइम-स्टेटस थोड्या वेळाने सस्पेंडेड होतं का? आधी होत नव्हतं आणि आता होतंय, तर हाच तुमचा पुरावा. कॉन्फिगमध्ये पीएम पूर्ण बंद करूनही एकदा बिल्ड करा, तिथे वॉर्निंग आली तर पॅच परत येणार.

## ७. कमिट मेसेज लिहा

एका पॅचमध्ये एकच बदल. स्पेसिंग सुधारणं आणि बग दुरुस्त करणं एकत्र नको. सब्जेक्टची सुरुवात कशी करायची ते त्या फाइलचा गिट लॉग बघून ठरवा, तिथले लोक जशी लिहितात तशीच. मेसेजमध्ये क्रमाने लिहा: काय बिघडलंय, कोणाला कसं दिसतं, का होतं, तुम्ही काय केलं, कुठल्या मशीनवर तपासलं, आणि चौथ्या टप्प्यातले आकडे. ओळ ७५ अक्षरांच्या आत. ज्या कमिटमुळे बग आला तो फिक्सेस टॅगमध्ये, हॅशची निदान पहिली १२ अक्षरं आणि त्याचा सब्जेक्ट, ही ओळ मात्र मोडायची नाही. खाली साइन्ड-ऑफ-बाय आणि तुमचं नाव, ज्या नावाने लोक तुम्हाला ओळखतात ते, निनावी नको.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून कोणी मागे राहू नये, साधी छोटी वाक्यं चालतात, तिथे जगभरचे लोक तशीच लिहितात.

## ८. पाठवा

चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, मग गेट-मेंटेनर स्क्रिप्ट, ती कोणाला पाठवायचं ते सांगते. पॅच ईमेलनेच जातो, साध्या टेक्स्टमध्ये, अटॅचमेंट नाही. जीमेलच्या वेब पेजमध्ये पेस्ट केलात तर टॅबच्या स्पेस होतात आणि पॅच लागत नाही, म्हणून गिट सेंड-ईमेल किंवा बी-फोर वापरा, जीमेलला त्यासाठी ॲप पासवर्ड काढावा लागतो.

तपासा: आधी स्वतःलाच पाठवा, आलेला मेल सेव्ह करा आणि ताज्या ट्रीवर गिट एएमने लावून बघा. लागला तरच पुढे.

वेळेचंही भान ठेवा. नवीन व्हर्जन आलं की दोन आठवडे मर्ज विंडो असते, तेव्हा मेंटेनर गळ्यापर्यंत कामात असतात. आरसी-वन (पुढच्या व्हर्जनची पहिली चाचणी आवृत्ती) निघाल्यावर पाठवलेला पॅच शांतपणे वाचला जातो.

## ९. उत्तर आल्यावर

उत्तर यायला वेळ लागतो, किमान आठवडाभर गप्प राहा आणि मग नम्रपणे विचारा. उत्तर देताना रिप्लाय-ऑल करा, प्रत्येक मुद्द्याच्या खाली आपलं म्हणणं लिहा, वर सगळं एकत्र नाही. कोणी थेट शब्दांत चूक दाखवली तर मनाला लावून घेऊ नका. त्याने वेळ काढून तुमच्या ओळी वाचल्यात. पटलं तर बदला, पटलं नाही तर आकड्यासकट सांगा.

दुसरी आवृत्ती पाठवताना सब्जेक्टमध्ये व्ही-टू लिहा, आणि काय बदललं ते तीन आडव्या रेघांच्या खाली, म्हणजे ते कायमच्या इतिहासात जात नाही. कोणी रिव्ह्यूड-बाय दिलं असेल तर ते पुढच्या आवृत्तीत उचलून घ्या, पण कोडमध्ये मोठा बदल झाला असेल तर ते काढा आणि का काढलं ते सांगा. एकाच दिवशी तीन आवृत्त्या पाठवू नका, लोकांना वाचायला वेळ द्या.

पॅच घेतला असा मेल आला की लिनक्स-नेक्स्टमध्ये (पुढच्या व्हर्जनसाठीचे पॅच जिथे एकत्र होतात ते ट्री) तो दिसतोय का बघा, तोच कर्नल बिल्ड करून चौथ्या टप्प्यातलं मोजमाप त्याच मशीनवर पुन्हा करा. पुढचे काही महिने त्या ड्रायव्हरबद्दल येणारे मेल वाचत राहा. तुमच्या पॅचमुळे दुसऱ्या कोणाचं मशीन उठेनासं झालं असा रिपोर्ट आला तर त्याच दिवशी उत्तर द्या, त्यांच्याकडून पीएम-टेस्टच्या पायऱ्या करून घ्या, आणि कारण लवकर सापडत नसेल तर पॅच रिव्हर्ट करायला स्वतःच हो म्हणा.